आमच्याकडे बर्फ मिळेल

आमच्या घरात बर्फ कुणीच खात नाही. आईचा घसा धरतो. बायकोचे दात ठणकतात. चिरंजीव थंडगार जे काही पितात ते बाहेर, मित्रांच्या संगतीत आणि माझ्या पैशांनी. माझं म्हणाल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझ्या सायनसचा फोटो दिव्यासमोर धरून जो चेहरा केला होता, तो पाहिल्यापासून मी माठातलं पाणीसुद्धा फुंकून पितो. अशा या चौघांच्या कुटुंबात दिवसाला दीड किलो बर्फ तयार होतो.

या संकटाचं उगमस्थान बोस्टन. माझे मेहुणे तिथं राहतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा पहिल्याच हॉटेलात ग्लास भरून बर्फ आला आणि त्याच्या फटींतून थोडं पाणी आलं. आईनं ग्लासात डोकावून विचारलं, "हे वितळेपर्यंत जेवायचं नाही का?" मेहुण्यांच्या घरी फ्रिजच्या दारालाच एक कोनाडा होता. त्यात ग्लास टेकवला की आतून खळखळ करत बर्फाच्या वड्या पडायच्या. मुक्काम संपेपर्यंत मी येता-जाता तिथं ग्लास टेकवत होतो. शेवटी मेहुणे म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला प्यायला काही देऊ का त्यात?"

"नको. मी नुसता पडताना बघतोय."

बोस्टनवाल्यांनी आपल्या गळ्यात बर्फ मारायची ही काही पहिली वेळ नव्हे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या तिथल्याच एका गृहस्थानं १८३३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजानं थेट कलकत्त्याला धाडला. चार महिन्यांचा प्रवास, वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, आणि तरी १८० टनांपैकी सुमारे १०० टन माल शाबूत उतरला. (आमच्या भागात वीज दुपारभर गेली तर आमच्या फ्रिजातला पाव किलोही शाबूत राहत नाही. भुसा परवडला.) पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जिजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं, आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. हे मी एकदा सहज आईला सांगितलं. तेव्हापासून ती जमशेटजींविषयी घरातल्या माणसासारखं बोलते. "एवढा मोठा माणूस, इस्पितळ बांधलं, पण कुणी वडीलधारं अडवायला नव्हतं हो त्यांना."

मला अडवायला वडीलधारं होतं, बायकोही होती. पण दुकानातला विक्रेता दोघींना पुरून उरला.

"सर, यात ऑटोमॅटिक आइस मेकर आहे. डायरेक्ट पाण्याची लाइन. ट्रे भरायला नको, पिळायला नको, आपटायला नको."

"पण आमच्याकडे बर्फ खाणार कोण?" बायको म्हणाली.

"मॅडम, असला की खातात."

या वाक्यावर मी पैसे भरले. आजवर मी घेतलेल्या बहुतेक वस्तू याच तत्त्वावर घरात आल्या आहेत. व्यायामाची सायकलही आली होती. असली की चालवतात.

फ्रिज लिफ्टमध्ये मावला नाही. जिन्यानं वर आला तो आमच्या दारात मावला नाही. मग आमच्या घराचं दार काढलं, फ्रिजची दोन्ही दारं काढली आणि बिनदाराचा फ्रिज बिनदाराच्या घरात शिरला. समोरच्या काकू त्यांच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. खरं संकट मात्र प्लंबर आल्यावर कळलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फ्रिजला नळ? बरं. मग कपाटाला गटार कधी करायचं?"

त्यानं पाव इंची नळी ओढली, गाळणी बसवली, नळ सोडला आणि काहीच झालं नाही. पुस्तिका वाचणारा घरात मी एकटाच. तिच्यात लिहिलं होतं की पाण्याचा दाब निदान दीड बारच्या आसपास पाहिजे. टाकी दहा मीटर उंच असेल तर एक बार दाब मिळतो. आम्ही पडलो शेवटच्या मजल्यावर. टाकी आमच्या डोक्यावरच. फ्लॅट घेताना बिल्डरनं "वर कुणाचा त्रास नाही" असं सांगितलं होतं. वर कुणाचा दाबही नाही, हे सांगितलं नव्हतं. प्लंबर म्हणाला, "पंप लागेल. त्याशिवाय बार यायचा नाही."

आई आतून म्हणाली, "आधी बर्फ आला, आता बारही येऊ दे."

पंप आला. आता यंत्र चालतं कसं ते सांगतो, कारण हे सांगायला मला घरात कुणी सापडत नाही. एक साचा असतो, त्यात पाणी आपोआप पडतं. ते उणे नऊ अंशांच्या आसपास पोचलं की यंत्राला कळतं की बर्फ झाला. मग साच्याखालचा हीटर लागतो. हो, हीटर. बर्फ साच्याला घट्ट धरून बसतो, तो सुटावा म्हणून कडेनं जरासा वितळवायचा. म्हणजे आधी गोठवायला वीज आणि मग गोठलेलं सोडवायला वीज. सरकारी खात्यात उमेदीची वर्षं काढलेल्या मला ही कार्यपद्धती फारच ओळखीची वाटली. त्यानंतर एक फणी फिरते आणि वड्या खालच्या डब्यात कोसळतात. दीड-दोन तासांनी पुन्हा तेच.

दिवसा या कोसळण्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. रात्री दोन वाजता पंप घरघरतो, व्हॉल्व्ह गुरगुरतो आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरात कुणीतरी हाडं ओतल्याचा आवाज येतो. पहिल्या रात्री आईनं अंधारात हाक मारली, "कोण आहे रे तिकडे?"

"बर्फ आहे, आई. झोप."

"एवढ्या रात्री?"

पहिल्या दिवसाचा बर्फ वापरू नये, टाकून द्यावा, असं पुस्तिकेत बजावलेलं होतं. नव्या नळीचा, गाळणीचा वास त्यात उतरतो. "टाकायचा?" आई म्हणाली. "पाणी विकतचं, वीज विकतची, आणि टाकायचा?" तिनं तो बर्फ बाल्कनीतल्या कुंड्यांत घातला. भर वैशाखात आमच्या तुळशीच्या बुंध्याशी काश्मीर पसरलं. समोरच्या काकूंनी पुन्हा खुर्ची बाहेर काढली.

इथवर ठीक होतं. डबा भरला आणि यंत्र थांबलं. त्याला एक तारेचा हात असतो. प्रत्येक खेपेला तो खाली येऊन डबा चाचपतो. बर्फाला अडकला की वरच राहतो आणि उत्पादन बंद होतं. फार शहाणी योजना. पण मला ती सोसेना. एवढे पैसे मोजले, पंप बसवला, दार काढलं, आणि हा आत हात वर करून स्वस्थ बसलेला! तो थांबू नये म्हणून मी डबा उपसायला लागलो. बर्फाशिवाय ताक प्यायचं नाही, असा नियम केला. कोकम सरबतात बर्फ, पन्ह्यात बर्फ. एके रविवारी आमरसात घातला. जेवण लांबलं, वड्या वितळल्या, आणि हापूसच्या रसाचं जे काही झालं ते बायकोनं वाटीतून परत पातेल्यात ओतलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत माझ्याशी ती फक्त चिरंजीवांमार्फत बोलली. आईच्या गुडघ्यांना मी बर्फाचा शेक सुचवला. ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतात ते मला राहू दे. तुझा डबा तू संपव."

डबा संपवायला शेवटी सोसायटीच धावून आली.

सुरुवात निष्पाप होती. खालच्या मजल्यावरच्या मुलाचा क्रिकेट खेळताना पाय मुरगळला. मी पिशवीभर बर्फ दिला. तिसऱ्या दिवशी त्याच पायासाठी त्याचे वडील आले. "सूज आहे अजून," असं म्हणत त्यांनी जे भांडं पुढं केलं ते पायाच्या मानानं बरंच मोठं होतं आणि त्याला चिमटा होता. मग दुसऱ्या मजल्यावरचे आले. "पाहुणे आलेत. सरबत करायचं म्हणतोय."

"लिंबं आहेत का? देऊ?"

"लिंबं? नको नको. सरबताला कशाला लिंबं?"

हळूहळू माझ्या लक्षात आलं की आमच्या इमारतीत सरबत फार होतं, आणि तेही रात्री आठनंतर. सरबताची सगळ्यात कडक शिस्त सेक्रेटरींची. गणपतीच्या स्टेजवरून व्यसनमुक्तीवर बोलताना त्यांचा आवाज भरून येतो. ते शनिवारी येत. कॅसरोल, त्यावर पंचा, आणि "हिच्या अर्धशिशीला" एवढेच शब्द. वहिनींची अर्धशिशी बरोबर आठवड्यानं उठायची आणि भारताची मॅच असली की मध्येही उठायची.

वर्षभर दारात उभं राहून बर्फ वाटल्यावर मला असा शोध लागला की बर्फाचा खप तापमानावर ठरत नाही, पंचांगावर ठरतो. मे महिन्यात पारा चाळीसला टेकला तरी मागणी बेताची. आषाढात पाऊस कोसळतोय, लोक स्वेटर शोधताहेत, आणि आमच्या दाराशी रांग. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, तर संध्याकाळी सहालाच डबा खडखडीत. जुने ट्रे शोधून काढले, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत पाणी ओतलं, तरी पुरेना. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला आणि एकदम शुकशुकाट. महिनाभर कुणाचा पाय मुरगळला नाही. सेक्रेटरी वहिनींची अर्धशिशी पार गेली. संकष्टीला मागणी चंद्रोदयानंतर थोडी हलायची. गुरुवारी दोन घरं बंद, मंगळवारी एक. जिन्यात कुणी भेटलं की मला त्याचा वार माहीत असायचा.

आईला यातलं काही कळत नसावं, असा माझा समज होता. एका शनिवारी कॅसरोल भरून देताना ती सेक्रेटरींना म्हणाली, "अर्धशिशीवर बर्फ घ्यावा, पण सोबत काहीतरी खावं. रिकाम्या पोटी बाधतो." सेक्रेटरींनी पंचा जरा जास्तच घट्ट गुंडाळला.

गिऱ्हाईक वाढलं की तक्रारी येतात. पहिली तक्रार, बर्फ पांढरा का? हॉटेलात तो काचेसारखा आरपार दिसतो. मी उत्साहानं समजावून सांगितलं की आपल्याकडे टँकरचं पाणी, त्यात क्षार. वडी बाहेरून आत गोठत जाते, आणि क्षार अन् हवा आत आत ढकलले जाऊन मधोमध अडकतात, म्हणून पांढरं पोट दिसतं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हो, पण पाहुण्यांना बरं दिसत नाही." पाय मुरगळलेल्या मुलाच्या वडिलांचंही तेच मत पडलं. सुजेलाही आरपार बर्फ बरा.

दुसरी तक्रार मात्र गंभीर होती, आणि तिचं मूळ आमच्या घरातल्या भूमिवादात होतं. फ्रीझर हा बायकोचा प्रांत. जानेवारीत सोललेले मटार, ओल्या खोबऱ्याच्या पुड्या, मे महिन्यातला आमरस, गणपतीतले उरलेले मोदक. शिवाय आइस्क्रीमचे सात-आठ डबे, ज्यांत आइस्क्रीम सोडून सगळं असतं. चिरंजीव लहानपणी त्यांतला एकेक डबा मोठ्या आशेनं उघडायचे आणि आत कधी आल्याची पेस्ट, कधी कडीपत्ता निघायचा. त्यांच्या स्वभावात आज जो एक अविश्वास दिसतो तो तिथला आहे. अशा भरल्या प्रांतात माझ्या यंत्रानं वरचा एक अख्खा कप्पा बळकावलेला. बायकोनं सरळ संघर्ष टाळला. तिनं फक्त माहेरून, मालवणहून आलेले सुके बोंबील बर्फाच्या डब्याशेजारी ठेवले. पिशवीला एक बारीक भोक होतं. ते होतं की पाडलेलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

बर्फ वास ओढून घेतो. त्या शनिवारी कॅसरोल गेला, आणि अर्ध्या तासात सेक्रेटरी परत दारात.

"वहिनी, जरा विचारायचं होतं. बर्फाला आज कसला वास येतोय का?"

"वास? हुंगून बघता का अर्धशिशीला?" बायकोनं विचारलं.

"नाही... म्हणजे कपाळावर ठेवला की नाक जवळच येतं ना."

"ओळखीचा वास आहे का?"

सेक्रेटरी थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी दबल्या आवाजात म्हणाले, "बोंबलाचा आहे. पण वहिनी, खरं सांगू का, त्याच्याबरोबर वाईट नाही लागला."

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण "लागला" म्हणालो. ते जिना उतरून गेले, लिफ्ट समोर उघडी असताना.

यंत्राचा अंत एप्रिलमधल्या एका दुपारी झाला. वीज गेली ती संध्याकाळी आली. डब्यातला बर्फ वितळून पाणी झाला होता, तो रात्री पुन्हा गोठला, आणि सकाळी डब्यात वड्यांऐवजी एकसंध लादी. सुरी, स्क्रूड्रायव्हर असलं काही आत खुपसू नका, असं पुस्तिकेत ठळक छापलंय. भिंतीत गॅसच्या नळ्या असतात; एक फुटली की फ्रिजचं कपाट होतं, आणि हल्लीच्या फ्रिजांत तो गॅस पेट घेणाराही असतो. तेव्हा मी डबाच बाहेर काढला आणि खलबत्त्यातला बत्ता घेतला. पहिल्या घावात लादीला काही झालं नाही, डब्याचा कोपरा गेला. दुसऱ्या घावात लादी सटकून ओट्यावरून जमिनीवर, जमिनीवरून देवघरापर्यंत गेली. आई जपाला बसली होती. तिनं माळ न थांबवता पाय उचलून घेतले. बहुधा ती बऱ्याच दिवसांपासून याची वाट पाहत होती.

कंपनीचा माणूस आला. तरुण होता, पण सगळं पाहून झाल्यासारखा चेहरा. त्यानं गाळणी काढली. तिच्यात आमच्या टँकरवाल्याच्या विहिरीचा तळ दिसत होता. "सर, ही दर सहा महिन्यांनी बदलायची असते. लाल दिवा लागत नव्हता?"

"लागत होता."

"मग?"

"आम्हाला वाटलं, शोभेचा आहे," आई म्हणाली.

नवी गाळणी दोन-अडीच हजारांची. व्हॉल्व्हची जाळी क्षारांनी बुजली होती, ती त्यानं साफ केली. दाराच्या रबरी पट्टीत दहाची नोट अडकवून ओढली. अलगद सुटून आली. "बघा, पट्टी सैल. इथूनच दमट हवा आत जाते आणि भुरभुरीत बर्फ साठतो." आईनं नोट परत मागून घेतली. मग त्यानं आत पाहिलं, मटार पाहिले, खोबरं पाहिलं, बोंबील पाहून एक पाऊल मागं सरला आणि म्हणाला, "सर, स्पष्ट बोलू? आपल्याकडे आइस मेकर कुणी चालवत नाही. मी जिथं जिथं जातो तिथं तो बंद असतो आणि डब्यात मटार असतात."

"बंद करता येतो?"

त्यानं बोटानं तारेचा तो हात वर उचलला. टक्क आवाज झाला. बस, एवढंच. बायको माझ्याकडे बघतही नव्हती. ती मटारच्या पिशव्या घेऊन रांगेत उभी होती.

घरात शांतता आली. रात्री हाडं पडेनाशी झाली. पंप गप्प झाला. वैशाख, ज्येष्ठ असेच गेले. कुणी बर्फाला आलं की मी "मशीन बिघडलंय" म्हणायचो आणि लोक चुकचुकून परत जायचे. माझी समजूत अशी की विषय संपला.

आषाढी एकादशीनंतरच्या आठवड्यात सोसायटीची विशेष सभा लागली. आमच्या सभांना गणपूर्ती कधी होत नाही. पार्किंगचा वाद पाच वर्षं पुढच्या सभेत ढकलला जातोय. त्या दिवशी गच्चीवर खुर्च्या कमी पडल्या. विषय एकच होता, प्रथमोपचार. सेक्रेटरींनी भरल्या आवाजात प्रास्ताविक केलं. इमारतीत लहान मुलं आहेत, वृद्ध आहेत, पाय मुरगळतात, कुणाला अर्धशिशी आहे. अशा वेळी बर्फ हाताशी असणं ही सामूहिक जबाबदारी आहे. शेवटच्या मजल्यावरच्या सभासदांनी ती आजवर एकट्यानं पेलली. यापुढे त्यांच्या फ्रिजची गाळणी, रबरी पट्टी आणि पंपाची देखभाल सोसायटीच्या निधीतून व्हावी. एक सूचना वहिनींना, सुके पदार्थ वेगळ्या कप्प्यात ठेवावेत. (मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या हो, चालतंय.")

ठराव मांडला दुसऱ्या मजल्यानं, अनुमोदन दिलं मुरगळलेल्या पायाच्या वडिलांनी. विरोध नाही, चर्चा नाही, उपसूचना नाही. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमतानं संमत झालेला हा पहिलाच ठराव. मी आभार मानायला उठलो, तेवढ्यात खजिनदारांनी हात वर केला. फार काटेकोर माणूस. मला वाटलं, आता दरपत्रकं मागणार.

ते म्हणाले, "माझी हरकत नाही. फक्त एवढंच विचारायचंय, की हे सगळं अमावास्येच्या आत होईल ना?"